तंतोतंत जुळलेला ठसा

वहिनींना पहिली नात झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. धाकटे दीर भाऊजी सावलीसारखे बरोबर असत आणि चारचौघांत ‘वहिनी, वहिनी’ करत. म्हणून सगळेच त्यांना वहिनी म्हणू लागले.

एके सकाळी एक बाई आल्या. नवऱ्याच्या छळाला कंटाळून घर सोडणाऱ्या बायकांसाठी त्या संदेशसेवा चालवत. बायका टोपणनावाने लिहीत. बाई त्यांना सुरक्षित जागा शोधून देत.

“चिमणी म्हणून एकजण लिहायची,” बाई म्हणाल्या. “खरी कोण, आम्हालाही ठाऊक नव्हतं. तिला खोली मिळाली. पत्ता फक्त संदेशातून कळवला. आठवड्यात नवरा सुरा घेऊन दारात! शेजारी धावले म्हणून वाचली. आता एका डॉक्टरबाईंकडे लपली आहे. तो पुन्हा पोचला तर जिवंत सोडणार नाही.”

“संदेश कुणी वाचला असेल?”

“कसा वाचणार? आमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम जसा लिहिला तसा, सगळ्यांसाठी खुला आहे. वाचून झालेला संदेश तो पुसून टाकतो. नक्कल कुठेच जात नाही.”

“पण सर्व्हरवर तोच प्रोग्राम चालतो कशावरून?”

“दाखवलाय तोच असणार की!” भाऊजी म्हणाले.

“भाऊजी, हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात.”

“म्हणूनच गेल्या महिन्यात बाहेरच्या तपासनिसाने तपासलं,” बाई म्हणाल्या. “आपणहून आला, फुकट करून देतो म्हणाला. सगळं जुळतंय, असा निर्वाळा दिला. पुढच्याच आठवड्यात हा प्रकार.”

वहिनी आधी प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीकडे गेल्या. ती चिडलेलीच होती.

“माझ्यावर संशय? घ्या, तुमच्यासमोर सोर्स कोडवरून प्रोग्राम तयार करते. हा त्याचा ठसा.” पडद्यावर अक्षरं-आकड्यांची लांब ओळ उमटली. “प्रोग्रामात एक टिंब बदललं तरी ही ओळ पार बदलते.”

“पुन्हा एकदा तयार कर बघू.”

तिने केला. ओळ वेगळीच आली. भाऊजी ओरडले, “अरेच्चा! हातचलाखी!”

“नाही हो काका. प्रोग्राम कधी तयार झाला ती वेळ त्यातच नोंदली जाते. हौस म्हणून ठेवलंय.”

सर्व्हर सांभाळणारे आजोबा थंडगार खोलीत स्वेटर घालून बसले होते.

“माझं मशीन बंद म्हणून पडत नाही,” ते अभिमानाने म्हणाले. “तपासनीस आले तेव्हा तेवढं त्यांनी बंद-चालू केलं. तपासायला लागतं म्हणाले. मी चहाला गेलो होतो.”

“बघा, चावी यांच्याकडे!” भाऊजी कुजबुजले.

“आणि ऐकू मलाही येतं,” आजोबा म्हणाले.

तपासनीस नीटनेटका, शांत माणूस होता. “मी स्वतः घरी सोर्स कोडवरून प्रोग्राम तयार केला. माझा ठसा आणि सर्व्हरवरचा, अक्षर न् अक्षर एक. शंकेला जागाच नाही. त्या चिमणीनेच पत्ता कुणाला सांगितला असेल.”

“फोनवर वगैरे?”

“फोनवर कसं बोलेल? तिला ऐकू कमी येतं. कुणाला लिहिलं असेल.”

वहिनी त्याच पावली डॉक्टरबाईंकडे जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी बाईंच्या कचेरीत सगळे जमले.

“एकाच माणसाच्या दोन सह्या अक्षरशः सारख्या निघाल्या, तर काय समजायचं, भाऊजी?”

“एक गिरवलेली.”

“इथेही तेच. या प्रोग्रामचा ठसा दर वेळी बदलतो, हे आपण पाहिलं. जुळणारा ठसा घरी तयार होणंच शक्य नव्हतं. प्रामाणिक माणूस म्हणाला असता, ‘ठसे जुळत नाहीत, वेळ वगळून बाकीचं ताडून पाहू.’ यांनी काही तयारच केलं नाही. सर्व्हरवरचा ठसा बघून लिहिला.”

“आळस केला असेल,” बाई म्हणाल्या.

“मग मशीन बंद-चालू कशाला? ठसा चालत्या मशीनवरही घेता येतो. बंद-चालू करावं लागलं, कारण नवा प्रोग्राम बसवायचा होता. पोरी, वेळ वगळून ताडलंस?”

“हो,” मुलगी म्हणाली. “सर्व्हरवरच्यात एक तुकडा जास्त आहे. चिमणीच्या प्रत्येक संदेशाची नक्कल बाहेर पाठवतो.”

“बाई, तिला ऐकू कमी येतं, हे तुम्हाला माहीत होतं?”

“नाही. तिने कधी लिहिलंच नाही.”

“लहानपणी तापात तिचा कान गेला. हे नवऱ्याला ठाऊक आणि माहेरच्यांना. तुम्ही तिचे कोण?”

तपासनिसाने मान खाली घातली. “भाऊ. लहानपणी घरात तिला चिमणीच म्हणायचो, त्यावरून ओळखलं. घर मोडू नये म्हणून केलं. तो म्हणाला, फक्त समजूत घालतो.”

“समजूत घालायला सुरा लागतो?” आजोबा म्हणाले.



त्याच दिवशी सर्व्हरवर खरा प्रोग्राम बसला. त्यातली वेळेची नोंद मुलीने काढून टाकली, म्हणजे कुणीही घरी तयार करावा आणि ठसा जुळवून पाहावा. वहिनींनी स्वतः जुळवून पाहिला. मगच चिमणीला नवा पत्ता गेला. ती सुखरूप पोचली, अजून आहे.

वहिनींची नात शाळेत जाऊ लागली, त्या उन्हाळ्यात चिमणीचा भाऊ हृदयविकाराने वारला. बहिणीचा पत्ता त्याला शेवटपर्यंत कळला नाही.