खोट्या गावातलं घर

त्या दिवशी सकाळी पडलेलं धुकं दुपार कलली तरी उठायचं नाव घेईना. समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसायच्या आधी त्याचा खोकला ऐकू यायचा. हवेला विझलेल्या कोळशाचा वास होता. शहरानं भरदिवसा दिवे लावले होते, आणि त्या दिव्यांची काळजी वाहणाऱ्या नियंत्रण खोलीत वाटाड्या डबा खाऊन नुकताच आपल्या पडद्यासमोर येऊन बसला होता.

त्याचं खरं नाव तिथं कुणी घेत नसे. घराघरांतले मीटर आणि उपकेंद्रांतली यंत्रं दिवसरात्र एकमेकांना निरोप धाडत असतात. कुठला निरोप कुठल्या वाटेनं जायचा, हे पूर्वी प्रत्येक नाक्यावरचं यंत्र आपल्या अकलेनं ठरवी. आता साऱ्या वाटा एका जागेवरून ठरत आणि त्या जागेवर हा बसे. म्हणून वाटाड्या. चोरपावलांनी आलेला निरोप ओळखायचा आणि त्याला न हटकता अलगद दुसऱ्या वाटेला लावायचा, हे त्याचं काम. ती वाट खोट्या गावात जाई.

खोटं गाव त्यानंच वसवलं होतं. तिथं ना भिंत, ना माणूस, नुसते आकडे. चोरानं आत शिरावं, खरं शहर समजून दिवे घालवावेत, आणि इथं कुणाच्या घरातला पंखाही थांबू नये. पण ओस गाव चोराला लगेच कळतं. म्हणून वाटाड्यानं घरांना सवयी लावल्या होत्या. कुणी पहाटे पाणी तापवी, कुणी दिवा तसाच ठेवून झोपी जाई.

“मलाही एक घर दे रे तुझ्या गावात,” पाळीच्या मुख्य बाई म्हणत. “शेजारी नसतील तर आजच सामान हलवते.”

सवयी सुचेनाशा झाल्या तेव्हा शेवटच्या घराला त्यानं आपल्याच घराच्या दिल्या. खिडकीतला दिवा, सकाळची विजेची किटली, आणि आईचं श्वासाचं मशीन. आईची फुप्फुसं थकली होती. वीज गेली आणि मशीन थांबलं, तर ती फार वेळ तग धरणारी नव्हती. ही गंमत त्यानं आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, “मेल्या, तिथं तरी पायऱ्या कमी ठेवायच्या होत्यास!” त्याच्याशी बोलताना तिचा पहिला शब्द ‘मेल्या’च असे. त्याशिवाय तिला माया करता येत नसे.

तर त्या दुपारी एक परका निरोप आला. वाटाड्यानं तो ओळखला आणि वाट बदलली. आलेला मुकाट खोट्या गावात शिरला. बाईंनी सुस्कारा सोडला, कुणीतरी चहा सांगितला.

पडद्यावर खोट्या गावातले दिवे विझू लागले. असले चोर सारं गाव एका झटक्यात काळोखात लोटतात. हा तसा नव्हता. एक घर विझे, मग थोडा वेळ जाई, मग शेजारचं विझे. दार वाजवून, आत डोकावून कुणी पुढं जावं तसं...

अंधार शेवटच्या घरापाशी आला आणि थांबला.

ते घर विझलं नाही. मशीनचा आकडा वरखाली होत राहिला, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. मग त्या घरात किटली लागली. वाटाड्यानं किटली फक्त सकाळची ठेवली होती.

त्यानं घरचा फोन लावला. तो आईच्या उशाशी असे. पलीकडून आधी मशीनचा उसासा आला, मग आवाज.

“दिवा चालू आहे... किटली चालू आहे... मशीन चालू आहे.”

“आई, काय झालं?”

“सगळ्या गल्लीत अंधार झालाय रे. आपलाच दिवा आहे तेवढा. पायरीवर कुणीतरी उभं आहे.”

“कोण?”

“बोलत नाही... तू दिवा घालवू नकोस हं. आपलं घर तेवढं राहू दे.”

आई भेदरली आहे, म्हणूनच आज शिवी नाही, असं त्याला वाटलं.

मागून बाई म्हणाल्या, “चोर आत आहे तोवरच पुसून टाक गाव. एकूण एक घर. एक जरी उभं राहिलं, तर त्याला परत यायला उंबरठा मिळेल. मग आपलं खरं शहर काही त्याला लांब नाही.”

वाटाड्यानं घरं पुसायला घेतली. शेवटच्या घरावर त्याचं बोट अडलं. तिथं नुसते आकडे आहेत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण कानात तो उसासा अजून घुमत होता. खोटं घर पुसलं आणि खऱ्या घरातला श्वास थांबला तर? शहाण्या माणसाला न शोभणारा विचार, पण आईच्या बाबतीत शहाणं कोण असतं!

“पुसलं?” बाईंनी विचारलं.

“पुसलं,” तो म्हणाला, आणि एक घर तसंच ठेवून निघाला.

धुक्यातून तो जवळजवळ पळतच गल्लीत आला. गल्लीत लख्ख उजेड होता. घरोघरी दिवे, कुठूनतरी मिक्सरची घरघर. त्याच्याही खिडकीत दिवा होता. त्याच्या जिवात जीव आला. पायऱ्या चढून त्यानं दाराला हात घातला, तर दाराला बाहेरून कुलूप.

शेजारच्या काकू आपल्या दारात आल्या. त्यांच्या मागून, त्यांच्या घरातून, आईचा खणखणीत आवाज आला, “आला का मेला?”

काकू हसल्या. “अरे, सकाळी तू गेलास आणि तुमच्या प्लगमधून ठिणग्या उडाल्या. मी मेन स्विच बंद केला, मशीनसकट हिला इकडे आणलं. कामात त्याला घोर नको, म्हणाली, म्हणून कळवलं नाही.” मग त्यांची नजर खिडकीतल्या दिव्यावर गेली आणि आवाज खाली आला. “पण काय रे... मघाशी तुमच्या घरात फोन वाजत होता, तो उचलला कुणी?”