फळीच्या कडेला

भुतंखेतं फक्त रात्रीच्या अंधारातच येतात, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ती खुशाल बाळगावी. ही गोष्ट घडली ती रविवारच्या दुपारी, पडदे बाजूला सरकवलेल्या खोलीत, लख्ख उजेडात. आणि तिची सुरुवात झाली स्पीकर विकत घेण्याच्या अगदी साध्या कामाने.

ज्याची ही गोष्ट, तो एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायचा. सगळे त्याला कानवाला म्हणत. पन्नाशी उलटलेला, शांत, नाकासमोर चालणारा माणूस. छंद एकच, घरी गाणी ऐकायची, आणि तीही स्वतः बनवलेल्या यंत्रांवर. या वेळी त्याच्या डोक्यात बिनपेटीचे स्पीकर भरले होते. म्हणजे खोकं नाहीच. एक उभी फळी, तिला गोल भोक, त्यात स्पीकर बसवायचा, पाठ उघडीच ठेवायची. आवाज पुढूनही येतो, मागूनही येतो, आणि खोलीत गाणारा माणूस बसल्यासारखं वाटतं. त्याच्या बायकोला मात्र घरात दोन दारं जास्तीची आल्यासारखं वाटत होतं. "कपाट करायला घेतलं होतंत आणि मध्येच कंटाळलात का?" असं तिने विचारूनही झालं होतं.

आता प्रश्न होता फळीत बसवायचं काय. साधे घरगुती स्पीकर पेटीच्या आधाराने वाजतात, उघड्या फळीवर ते दमतात. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधले स्पीकर मात्र मुळातच उघड्या पाठीवर वाजायला घडवलेले असतात. हलका, ताठ कागदी शंकू, मोठं चुंबक, थोडक्या ताकदीत मोठा आवाज. कानवाल्याने महिनाभर कागदावर आकडे मांडले, मग एका शनिवारी स्पीकर दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानात जाऊन बसला.

म्हाताऱ्याने आकड्यांचा कागद न बघताच बाजूला ठेवला. फडताळातून बारा इंची स्पीकर काढले, एकेक उचलून कानाशी धरला आणि बोटाने त्याच्या कागदावर टिचकी मारली.

"हा नवा आहे. अजून आखडलेला. याची बोलण्याची तऱ्हा ठरायला चार-पाच वर्षं जातील."

"आणि हे दोन जुने?"

"जुने आहेत, पण वेगवेगळ्या घरचे. एक रोज वाजलाय, एक माळ्यावर पडून होता. डावीकडून एक माणूस गाईल, उजवीकडून दुसरा. तुम्हाला एकाच अ‍ॅम्प्लिफायरमधली जोडी हवी. एकत्र वाजून एकत्र म्हातारी झालेली." त्याने चष्म्यावरून पाहिलं. "ओळखीत कोणी गिटार वाजवणारं नाही का?"

"नाही," कानवाला म्हणाला. आणि त्याचे कान तापले.

कारण ओळखीत होतं. सख्खा थोरला भाऊ होता. दादाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अशीच बारा इंची जोडी होती, आणि खरं सांगायचं तर बिनपेटीच्या स्पीकरबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून ती त्याच्या डोळ्यासमोर होती. दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती. तरीही मागायला तोंड होत नव्हतं, आणि का होत नव्हतं ते जगात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. निदान तो तसं धरून चालला होता.

बारा वर्षांपूर्वी दादा त्याच्या दवाखान्यात आला होता. आदल्या रात्री कार्यक्रम झालेला, कानात शिट्टी वाजत होती. "जरा बघ रे, काही बिघडलंय का," असं म्हणत तो काचेच्या बंद खोलीत जाऊन बसला, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक सूर ऐकू आला की बटण दाबायचं, बाहेर यंत्रावर दिवा लागतो. इतकी साधी तपासणी. दादाची बटण दाबायची तऱ्हा वेगळी होती. इतर लोक पटकन दाबून सोडतात. दादा दाबून धरायचा आणि सूर पूर्ण विरल्यावरच बोट उचलायचा. टक्... आणि मग सावकाश, टिक्.

दादा त्या दिवशी प्रत्येक सुराला दाबत होता. अगदी बारीक सुरालाही.

पण त्याच महिन्यात दादाची एका मोठ्या वाद्यवृंदात निवड झाली होती. दोन वर्षं गावोगाव फिरायचं. आई अंथरुणाला खिळलेली. म्हणजे तिचं उठणं, बसणं, औषधपाणी सगळं धाकट्याच्या एकट्याच्या गळ्यात पडणार. शिवाय धाकट्यालाही लहानपणी गिटार शिकायची होती आणि घरात एक पुरे म्हणून त्याला गप्प बसवलं होतं, हेही कुठेतरी खुपत होतं. दिवा लागत होता, आणि त्याचा हात आलेखावर ती खूण खूप खाली, कान गेल्यासारखी, करत होता. कोणी ढकललं नव्हतं. तो स्वतःच करत होता.

"दादा, आता थांबायला हवं. नाहीतर ठार बहिरा होशील."

दादाने आलेखाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "तू म्हणतोस ना, मग झालं," एवढंच म्हणाला. गिटार खुंटीवर गेली. दादा एका गोदामात नोंदी ठेवायच्या कामाला लागला, आणि आईचं शेवटपर्यंत दोघांनी मिळून केलं.

असं सगळं असूनही, त्या शनिवारी संध्याकाळी कानवाल्याने वहिनीला फोन केलाच. हावरेपणापुढे लाज टिकत नाही, हे त्याला बोलता बोलताच जाणवलं आणि आणखी लाज वाटली.

"न्या की भाऊजी," वहिनी लगेच म्हणाली. "तुमच्यासाठीच ठेवलाय. हे सांगून गेले होते, धाकटा मागेल तेव्हा दे. त्याने मागेपर्यंत देऊ नकोस."

आठवड्याभरात दादाचे स्पीकर फळ्यांत बसले. पुढच्या रविवारी बायको मैत्रिणीकडे गेली होती. संध्याकाळी वहिनी ऐकायला येणार होती, म्हणून त्याने दुपारीच सगळं तपासायला घेतलं. खोलीत ताज्या लाकडाचा आणि तारा जोडलेल्या डाखाचा वास होता. त्यात आणखी एक वास मिसळला होता, जुन्या कागदाचा, घामाचा, दादाच्या गिटारच्या पट्ट्याला यायचा तसा. स्पीकर तापले की असे वास सुटतात, असं त्याने स्वतःला सांगितलं.

बिनपेटीच्या स्पीकरची एक गंमत असते. फळीच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या उलट असतो. त्यामुळे फळीच्या अगदी कडेला, तिच्या रेषेत उभं राहिलं की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. समोर गाणं दणदणत असतं, आणि कडेला जवळजवळ शांतता. फळी नीट झाली की नाही ते तिथे उभं राहूनच कळतं.

त्याने दवाखान्यात लावतो तसा हजार हर्ट्झचा सूर लावला, बारीक, आणि डाव्या फळीच्या कडेला जाऊन उभा राहिला. सूर ओसरला. छान.

टक्.

डाख सुटला असणार. त्याने तारा पाहिल्या, स्क्रू आवळले, कागदावर हात फिरवला. पुन्हा सूर लावला, पुन्हा कडेला गेला.

टक्...

तिथूनच हात लांबवून त्याने सूर बंद केला.

टिक्.

समोर उभं राहिलं की काही नाही. मागे गेलं की काही नाही. फक्त त्या हातभर जागेत, जिथे सगळे आवाज संपतात, तिथे. त्याने दोन हजारचा सूर लावला. टक्... टिक्. चार हजारचा, ज्याची खूण त्याने सगळ्यांत खाली केली होती. टक्... टिक्. सवयीने तो आवाज पायरीपायरीने कमी करत गेला. शेवटी त्याला स्वतःला काहीही ऐकू येईना. फक्त यंत्रावरचा काटा सांगत होता की सूर चालू आहे.

टक्... टिक्.

"दादा..." तो पुटपुटला. आणि एवढा पिकलेला माणूस, तिथेच फळीला टेकून हुंदके द्यायला लागला. भीती होतीच, पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. भीतीने माणूस पळून तरी जातो.

वहिनी आली तेव्हा त्याने तोंड धुतलं होतं. तिला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि दादाच्याच एका जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं. गिटार सुरू झाली. वहिनीने पदर सावरला आणि डोळे मिटून घेतले.

"हे इथेच बसलेत," ती हळूच म्हणाली. "असंच वाजायचं आमच्याकडे." गाणं संपलं. तिने डोळे उघडले. "भाऊजी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की, वहिनी."

"यांचे कान खरंच गेले होते का हो? म्हणजे, मला काय त्यातलं कळतं? पण मी आत वाटीला चमचा टेकवला तरी बाहेरून ओरडायचे, वाटी भरलेली आहे, सूर उतरलाय. मी किती वेळा म्हटलं, पुन्हा एकदा तपासून या."

"मग?"

"मग काय... हसायचे. म्हणायचे, धाकट्याने तपासलंय ना, मग बास. आणि त्याला काही विचारू नकोस, बिचारा ओशाळेल." तिने त्याच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "आता ते नाहीत, म्हणून विचारतेय. एवढं एकदा कळलं की माझा जीव शांत होईल."

कानवाला उठला. तिच्या समोर बसून सांगणं त्याला शक्य नव्हतं. त्याने यंत्राशी काहीतरी काम असल्यासारखं केलं, चार पावलं टाकली, आणि फळीच्या कडेला हात ठेवून उभा राहिला. तिथून वहिनी दिसत होती, पण तिच्या डोळ्यांत सरळ बघावं लागत नव्हतं. आपण कुठे उभे आहोत हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मग तो बोलला. चांगलं मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून.

"वहिनी, दादाचे कान ठणठणीत होते. मी खोटा आलेख काढला. आईसाठी म्हणून, आणि मला त्याचा हेवा वाटत होता म्हणून. मी त्याला गिटार सोडायला लावली. मला माफ करा."

त्याच्या मागे, अगदी जवळ, वाजलं.

टक्.

वहिनी खुर्चीत पुढे वाकली होती. कपाळाला आठ्या घालून ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"भाऊजी, काय म्हणताय? तुमचे ओठ हलतायत नुसते... आवाज येतच नाहीये."

तो पुन्हा बोलला. ओरडलाच जवळजवळ, घसा दुखला. वहिनीने कानामागे हात धरला आणि मान हलवली.

पावलं मोजली तर दोनच होती. दोन पावलं पुढे यायचं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. तो पुढे आला. वहिनी वाट बघत होती. आणि जे तिथे उभं राहून दोनदा म्हणता आलं होतं, ते तिच्यासमोर म्हणता आलं नाही.

"काही नाही, वहिनी," तो म्हणाला. "म्हटलं, चहा टाकतो."

"साखर कमी घाला," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने स्पीकर सोडवून पुन्हा दादाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवले आणि तो वहिनीकडे नेऊन दिला. आवाज हवा तसा लागत नाही, असं कारण सांगितलं. ते तिने ऐकून घेतलं. फळ्या माळ्यावर गेल्या. बायको म्हणाली, सुटले एकदाची.

पण त्या रविवारी, वहिनी जाईपर्यंत आणि गेल्यावरही, तो एका गोष्टीची वाट बघत राहिला होता. टक् झालं होतं. टिक् झालं नव्हतं. दादा सूर पूर्ण विरल्याशिवाय बोट उचलत नसे.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडला तेव्हा काचेची खोली रिकामी होती. हेडफोन खुंटीवर, बटण त्याच्या आकड्याला टांगलेलं, यंत्राला अजून वीजसुद्धा दिली नव्हती. यंत्रावरचा दिवा लागलेला होता. नंतर तंत्रज्ञाने बटण बदललं, तारा बदलल्या, शेवटी यंत्रच नवं आलं.

दिवा अजून लागलेलाच आहे.