एक होडी, दोन पडदे

नोव्हेंबरमधल्या एका दुपारी गारा चुकवायला म्हणून मी पोलंडमधल्या बिडगोश्चच्या सांस्कृतिक केंद्रात शिरले, आणि आत एक मुलगा अर्धी होडी घेऊन बसलेला दिसला. त्याच्या संगणकाच्या पडद्यावर नदीचा उजवा काठ, होडीची उजवी बाजू आणि एकच वल्हं. शेजारच्या पडद्यावर डावा काठ होता, पण खुर्ची रिकामी.

"उरलेली होडी कुठंय?" मी विचारलं.

"तुमच्यासमोर," तो मान वर न करताच म्हणाला. "बसा की... एकट्याने वल्हवली तर गोल फिरते. सकाळपासून फिरतोय."

मी बसले. केसांतून पाणी गळत होतं, तरी बसले.

त्याचं नाव तिमोन. मी यागोदा. सात वर्षं मी ब्रदा नदीवर खरी होडी वल्हवली, मग खांदा गेला. तेव्हापासून आई मला भरली बादली उचलू देत नाही, भाऊ माझ्याशी पत्ते खेळतानाही मुद्दाम हरतो. जपून जपून सगळ्यांनी माझी काचेची बरणी करून टाकली होती. म्हणून महिनाअखेरच्या होडी-खेळाच्या स्पर्धेत उतरायचं मी तिथल्या तिथे ठरवलं. कुणीही सोपी करून न दिलेली एक तरी शर्यत मला पूर्ण करायची होती.

मग रोज चार वाजता सराव. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कुणी केलं ते आठवत नाही. तो येताना मुरंबा भरलेले पोंचकी, साखर भुरभुरलेले तळलेले गोड गोळे, आणायचा, माझ्या ओठावरची साखर बघायचा आणि पटकन पडद्याकडे वळायचा. मला ते दिसायचं. दिसावं असंही वाटायचं.

खेळात एक मेख होती. यंत्रं दोन जोडली तरी खेळ चालतो एकावरच. दुसरं त्याच्यामागून धावतं, त्यामुळे तिथल्या माणसाचं वल्हं पापणी लवायच्या आत, पण उशिरानेच पाण्यात पडतं. ती अवघड खुर्ची तुझी, असं तिमोनने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चार दिवसांत ती मला सोपी वाटू लागली आणि मी गावभर टेंभा मिरवला.

स्पर्धेला अकरा जोड्या आल्या. दोन फेऱ्या, त्यातली चांगली वेळ धरायची, पहिल्या दोन जोड्या ग्दान्यस्कच्या अंतिम फेरीला. केंद्राच्या हालिनाबाईंनी चिठ्ठ्या काढल्या आणि अवघड खुर्ची मला आली. मी हसतच बसले.

पहिल्या फेरीत माझं प्रत्येक वल्हं उशिरा पडलं. होडी डावीकडे वळत वळत पुलाच्या खांबावर आपटली. मी तिमोनकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"मी रोज लवकर येऊन खेळ तुझ्या यंत्रावर सुरू करायचो," तो म्हणाला. "अवघड खुर्ची... माझी होती."

"का? खांद्यामुळे?"

"नाही. वाटलं, हरलीस तर पुन्हा येणार नाहीस."

राग असा आला की डोळ्यांत पाणीच आलं. तोही इतरांसारखाच निघाला होता, आणि नेमका तोच निघावा हे मला जास्त लागलं. तो खुर्च्या बदलायची परवानगी मागायला उठत होता.

"जागेवरून हललास तर याद राख," मी म्हटलं. "पंधरा दिवस तू हे कसं जमवलंस, ते सांग."

तो खाली बसला. "पडद्याकडे बघायचं नाही, तो उशिराच दाखवतो. मी तुझ्या बटणावरच्या अंगठ्याकडे बघायचो. तो वर गेला की लगेच मारायचं."

"बरं. आणि माझ्यासाठी हळू करायचं नाही. केलंस तर मला कळेल."

दुसऱ्या फेरीत मी नदी पाहिलीच नाही. त्याचा अंगठा वर गेला की माझा खाली. दोनदा चुकले, होडी हेलकावली... तो थांबला नाही. तिसऱ्या वळणापासून आमची दोन्ही वल्ही एकदम पडू लागली. छाती धडधडत होती, ताणून बसल्याने खांदा ठणकत होता, आणि मी कित्येक महिन्यांनी खरंच वल्हवत होते.

आम्ही तिसरे आलो, अर्ध्या सेकंदाने. ग्दान्यस्क हुकलं.

तिमोन वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "हरलो... येशील पुन्हा?"

"सोमवारी, चार वाजता. अवघड खुर्ची माझी. खरीखुरी."

"आणि मी?"

"तू शेजारी. मला तू आवडतोस, तिमोन... फार आवडतोस. पण पुन्हा जपलंस तर उठून जाईन."

त्याने वायर खाली ठेवली आणि माझा हात हातात घेतला, चांगला घट्ट.

"नाही जपणार," तो म्हणाला.

असं वचन मला आजवर कुणी दिलं नव्हतं.