झाकणाखालचं पाणी

"तुम्ही स्वतः काय जेवता?"

खानावळीच्या मालकाला हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज नाओ आणि चिसातो या माझ्या मैत्रिणींनी मी आई-बाबांबरोबर हिरोशिमाहून निघतानाच लावली होती. "फळ्यावर लिहिलेलं काय, सगळेच मागतात. तू त्यांच्या ताटातलं मागून दाखव," चिसातो फोनवर म्हणाली. "ही मागणार? हिला चहा हवा असला तरी आईच्या कानात सांगावं लागायचं," नाओ खिदळली. ते मागच्या वर्षी, बाईसाहेब! या वर्षी मी वर्गप्रतिनिधी आहे, अख्ख्या शाळेसमोर माइकवर बोलते. खानावळवाल्याची काय भीती?

आमच्या घरी सुट्टी म्हणजे डोंगरातली कुठलीतरी अनोळखी खानावळ. लोकांना वाटतं, काय हौशी मंडळी आहेत! बाबा जेवणाची तोंडभर स्तुती करतात आणि मग हळूच विचारतात, "स्वयंपाकघर बघू का जरा?" आई स्वयंपाकघराच्या कापडी पडद्याखालून आतल्या माणसांचे पाय बघत बसते. माझा रिहितोदादा "खेड्यातल्या एखाद्या खानावळीत राहून स्वयंपाक शिकतो" एवढंच सांगून घरातून गेला. पहिल्या हिवाळ्यानंतर त्याचा फोन लागलाच नाही. आता तिसरा हिवाळा तोंडावर आलाय. त्या सकाळी गाडीत बाबा म्हणाले, "ही शेवटची फेरी. पुढे तुझी परीक्षा आहे, कोतोहा." आई खिडकीबाहेर बघत राहिली. मी मात्र मनातल्या मनात बाबांशी घाट संपेपर्यंत भांडत होते.

इझुमोच्या डोंगरात, एका डब्याची रेल्वे जिथे थांबते त्या स्टेशनच्या वरच्या अंगाला ती खानावळ होती. लालसर कौलं, खाली उतरत गेलेली भातखाचरं, लाकडी मांडवांवर उलटा टांगलेला कापलेला भात. आत सोबाच्या शेवया उकळल्याचा मातकट वास होता. गिऱ्हाईक आम्हीच. एक म्हाताऱ्या आजी एकट्याच सगळं बघत होत्या. पडद्याखाली दुसरे पाय नव्हते. आईने ते बघून घेतलं आणि मान खाली घातली.

मी घसा साफ केला. "आजी, तुम्ही स्वतः काय जेवता?"

त्यांचा टेबल पुसणारा हात थांबला. "मी? त्याचं झाल्यावर उरेल ते."

"कुणाचं?"

त्यांनी हनुवटीने खिडकीजवळच्या, चटई अंथरलेल्या ओट्याकडे खूण केली. तिथे एक ताट वाढलेलं होतं.

असं ताट मला नवीन नव्हतं. दूर गेलेल्या माणसाला वाटेत उपाशी राहावं लागू नये, म्हणून मागे राहिलेले रोज त्याच्या नावाने वाढतात. आईसुद्धा दादासाठी वाढायची. मग सूपच्या वाटीचं झाकण उचलून आतून बघायची. पाण्याचे थेंब जमले असतील तर माणूस सुखरूप, झाकण कोरडं असेल तर नाही. आता गरम वाटी झाकली की थेंब जमणारच, हे विज्ञानाच्या तासाला जागं राहणाऱ्या कुणालाही कळतं. पण गेल्या वर्षी एके दिवशी आईने झाकण उचललं, परत ठेवलं, आणि त्यानंतर ताट वाढलंच नाही. का, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

"तुमचं कोण गेलंय, आजी?"

"माझं कोण असायला पोरी? दोन वर्षं झाली असतील. एका सकाळी हात आपोआप वाढायला लागले. कुणासाठी, ते हातांनाच ठाऊक." त्या फडकं पिळायला लागल्या. "रोज थोडं कमी होतं त्यातलं."

बाबा माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाले, पुरे आता. मी तरी उठून ताटाजवळ गेलेच.

ताटातल्या खाण्याच्या काड्या उलट्या दिशेने ठेवल्या होत्या, डावखुऱ्यासाठी. दादा डावखुरा आहे. असेना, डावखुरे काय कमी आहेत देशात? भाजलेला मासा होता. त्याची कातडी सोलून, घट्ट गुंडाळून बशीच्या कडेला ठेवली होती. ती शेवटी तोंडात धरून दादा म्हणायचा, "ही माझी विडी." बाबा दर वेळी चिडायचे.

"आई," मी म्हटलं. "इकडे ये."

आईने गुडघे टेकून झाकण उचललं. थेंब तिच्या मनगटावर ओघळले. ती रडत होती आणि हसतही होती.

"योगायोग असतो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

तेव्हा मला दिसलं की भिंतीच्या अंगाला आणखी एक ताट आहे.

"आजी, हे कुणाचं?"

"ते आज सकाळी लागलं. एक वाढून झालं, तरी हात थांबेनात."

या ताटात काड्या सरळ होत्या. भाजीतून मश्रूम वेचून काढलेले होते. गोड अंडं शेवटी खायला वेगळ्या बशीत. आणि काड्यांच्या कागदी पाकिटाची घडी घालून केलेली छोटी होडी. मी करते तशी, एक टोक वाकडं.

मी वळून आमच्या टेबलाकडे बघितलं. माझ्या काड्या अजून पाकिटातच होत्या.

"गंमत करताय ना आमची?"

आजी माझ्याकडे बघत होत्या. त्यासुद्धा गोंधळल्या होत्या.

आईने दुसऱ्या वाटीचं झाकण उचललं. वाफ माझ्या तोंडावर आली, चांगली गरम. आईने झाकण स्वतःकडे वळवून आतून बघितलं. मग आवाज न करता परत ठेवलं.

"होते ना थेंब?"

"गाडीत बस."

"आई, होते ना?"

तिने माझी बाही मुठीत धरली. बाबा खिशात गाडीची चावी शोधत होते. चावी त्यांच्या हातातच होती.

मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की दादा कुठेतरी जेवतोय. मी आईची बोटं एकेक करून सोडवली आणि माइकवर बोलते तशी, अगदी स्पष्ट म्हणाले, "तुम्ही शोध थांबवा हवं तर. मी घरी येत नाहीये. मी दादाकडे चाललेय."