अंगावरचे टाके

आमच्या शिरूर कासारात थंडी पडली की दोन गोष्टी होतात. पुढाऱ्यांच्या अंगावर जाकिटं चढतात आणि निम्मं गाव ऊस तोडायला जातं. या दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं जाकीटवाले सांगतात.

त्या सकाळी माझी बायको सत्यशीला पायमशीनवर बसून शिव्या देत होती. शिव्या मशीनला नव्हत्या, शेजारच्या शहादेवला होत्या. तो, त्याची बायको संगीता आणि त्यांचं तान्हं पोर टोळीबरोबर निघाले होते. तान्ह्याला सांभाळायला म्हणून सात वर्षांच्या आरोहीलाही नेणार होते. मागच्या हिवाळ्यात पोरगी फडाकडेच्या झोपडीत, पाचटाच्या कोपीत झोपून असा खोकला घेऊन आली की होळीपर्यंत तिची छाती भात्यासारखी वाजत होती. "तिला आमच्यापाशी ठेव, शाळा होईल, छाती वाचंल," असं सत्यशीला कितीदा तरी सांगून आली. तो नुसता हसला.

"नेतोच म्हणतो मेला. मग उबदार घालून तरी ने म्हणावं!"

सत्कारांत मला मिळालेल्या शालींपैकी एकीतच लोकर होती, बाकीच्यांत भाषणं. नेमकी तीच तिनं कापली. मी उरलेल्या शाली उचलून कपाटात ठेवल्या, कारण तिच्या हातात कात्री होती.

फ्रॉक झाला. तांबडा, लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत बंद. आरोहीला घातला तर घेर फरशीवर लोळायला लागला. बाहेर ट्रकनं भोंगा दिला. सत्यशीला तिथंच गुडघ्यांवर बसली आणि सुईदोरा घेऊन पोरीच्या अंगावरच काठ दुमडून शिवू लागली.

"अगं, अंगावर शिवू नये," मी म्हणालो. "निदान तिच्या तोंडात काडी तरी दे."

जित्या माणसाच्या अंगावर कापड शिवायचं नसतं. शिवावंच लागलं तर त्यानं दातांत गवताची काडी धरायची. का, ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सगळे पाळतात.

"काडी? काडी त्या ट्रकाला लावायचीय मला."

आणि मग टाक्याटाक्याला पुटपुटणं सुरू झालं. "जायचं न्हाई. हलायचं न्हाई. बघते कोण नेतंय." दर वेळी ती दोरा असा खेचायची की सुतळीनं पोतं शिवतेय असं वाटावं. आरोहीची एवढा वेळ चुळबुळ चालली होती. आधी तिचे पाय थांबले, मग हात. नंतर मानही वळेना.

"टोचतंय का गं?" मी विचारलं.

"न्हाई आजोबा. जड वाटायलंय."

शहादेव आत आला. "काकू, बास झालं. मुकादम बोंबलायलाय."

"मुकादमाला म्हणावं, तूच घे तान्ह्याला मांडीवर. एवढा मोठा गडी, फोनवर बोलण्याबिगर करतो काय?"

"कावून आमच्या पोरीच्या मागं लागलाव? फडात येता का तुमी? हितं बसून शिवायला लई सोपं हाय!" त्याचा आवाज चढला. "चल गं!"

त्यानं आरोहीला कमरेला धरून उचललं.

म्हणजे उचलायला गेला. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणारा माणूस. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. पोरीच्या टाचा फरशीवरच होत्या. त्यानं पुन्हा जोर लावला. ती रडली नाही, समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिच्या पायाखालची शहाबादी मात्र करकरली.

त्यानं हात सोडले, धोतराला पुसले.

"काकू, हिला काय शिवलं?"

शिवणं म्हणजे टाके घालणं आणि शिवणं म्हणजे स्पर्श करणं. मराठीनं एकाच क्रियापदात दोन्ही कामं उरकली आहेत. त्याला यातलं कुठलं विचारायचं होतं, मला कळलं नाही.

सत्यशीलेनं दातानं दोरा तोडला.

"मी," ती म्हणाली.

ट्रक आरोहीशिवाय गेला.

फ्रॉक संध्याकाळी सहज निघाला. मीच तो परसातल्या दोरीवर टाकला. पोरगी जेवली, हसली, एकदाही खोकली नाही. सकाळी शाळेचा गणवेश घालून, माझं बोट धरून निघाली.

उंबऱ्यात थांबली.

"चल की गं."

"येईना आजोबा. मागून ओढतंय."

मी सत्यशीलेकडे वळलो. ती पावटे सोलत होती. "तो काठ उसव आधी."

"कावून? पोरगी हितं हाय ना?"

"तिला शाळेत जायचंय!"

"शाळा कुठं पळून जायलीय?" तिच्या आवाजात आता राग औषधालाही नव्हता.

माझाच चढला. ब्लेड घेतलं आणि दोरीपाशी गेलो. काठ घट्ट दुमडलेला होता. सुईची भोकं एकसारखी, ओळीनं. त्यांत दोरा नव्हता. एक तंतूही नव्हता.

मी ब्लेडचं टोक घडीत घातलं.

मागे, उंबऱ्यात पाठमोरी उभी असलेली आरोही कळवळली.

"हळू ना आजोबा. लागतंय."