सलमापकावरचं शून्य

सलमापकाच्या पडद्यावर शून्य होतं. भरपाई आयोगाचे अधिकारी वाघचौरे यांनी यंत्राला एक टपली मारून पाहिली. सरकारी कचेरीतली कुठलीही वस्तू टपलीनं सुधारते, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता. शून्य हललं नाही.

"आक्का, परत एकदा सांगा. सावकाश. मनापासून."

सारिकाआक्का आवटींनी कपाळावरचा पट्टा नीट केला. "सत्तावीस वर्षं झाली. सातव्या महिन्यात दवाखान्यात मला रक्तवाढीचं म्हणून इंजेक्शन दिलं. पुढं जुळी झाली. मुलगी रडली. मुलगा दोन दिवस होता, सारखे हातपाय झटकायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी थांबला. कान गार लागले हाताला, म्हणून मी त्याला टोपडं घातलं. कागदावर कारण लिहिलं, आईचा अशक्तपणा. झालं."

लाडू कसे वळायचे हे शेजारणीला सांगावं, त्या आवाजात त्यांनी हे सांगितलं.

शून्य.

"कायदा मी केलेला नाही हो," वाघचौरे म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता, आक्कांच्या नव्हता. "आकडा तीसच्या खाली आला की 'हानी आढळली नाही' असं लिहावं लागतं मला. आज पाचला नोंदणी बंद."

सलमापक आला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता न्याय सोपा झाला. एखादी आठवण काढली की ती माणसाला किती टोचते, ते हे यंत्र मेंदूतून मोजायचं, शून्य ते शंभर. खोटे अर्जदार गळून पडले. वकील बेकार झाले, त्याचं दुःख मात्र कुणी मोजलं नाही. आयोगानं भरपाईचा अख्खा कायदाच या आकड्यावर उभा केला.

आक्कांना भरपाईत एकच गोष्ट हवी होती. मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण बदलून हवं होतं. तो 'आईच्या अशक्तपणामुळे' गेला नाही, त्या इंजेक्शनच्या प्रयोगामुळे गेला, असं सरकारी शिक्क्यानिशी. सासूबाईंनी तो अशक्तपणा मरेपर्यंत पुरवून पुरवून वापरला होता. टोचलं नव्हतं तेव्हाही. पण खोटं ते खोटं, आणि खोटं खोडायला टोचावंच लागतं असं नाही.

बाहेर व्हरांड्यात आणखी चाळीसजणी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्याच वर्षी, त्याच वॉर्डात, तेच इंजेक्शन घेतलेल्या. गावात त्यांना 'थंड वॉर्डातल्या बायका' म्हणत. कुणाकडे मयत झालं की पहिला निरोप त्यांच्यापैकी एकीला जायचा. घरची माणसं कोसळलेली असताना या शांतपणे पाणी तापवायच्या, प्रेताला आंघोळ घालायच्या, दात-ओठ घट्ट मिटवायच्या, पोरांना चहा-बिस्कीट द्यायच्या. गाव त्यांना मान देई आणि सोयरीक जुळवताना त्यांचं घर टाळी.

डॉक्टर तेजल कोठावळे आतल्या खोलीत वाट बघत होत्या. प्रयोग उघडकीला आणला तो त्यांनीच, आणि त्यावरचा उताराही त्यांनीच शोधला. आक्कांबरोबर त्यांची मुलगी शर्वी होती, जुळ्यांतली राहिलेली.

"आठवण एकीकडे साठते आणि तिचा सल दुसरीकडे," डॉक्टर सांगू लागल्या. "दोन्हींच्या मधे एक बारीक वाट असते. आम्ही तिला सलवाट म्हणतो. इंजेक्शन बनवणाऱ्या कंपनीला सैनिकांसाठी औषध हवं होतं, ती वाट बंद करणारं. भीती नको, दुःख नको. करून पाहिलं तुमच्यावर, कारण तुम्ही विचारणार नव्हता."

"विचारलं होतं मी. सिस्टर म्हणाली, रक्त वाढेल."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "सल तयार होत राहिला. तुमच्यापर्यंत पोचला नाही, इतकंच."

"म्हणजे पार्सलं आली, पण पोस्टातच पडून."

"हो. सत्तावीस वर्षांची. उताऱ्यानं वाट उघडते आणि सगळं येतं. वीसेक मिनिटांत."

"मग आकडाही येईल?"

"येईल."

"आणि नंतर परत बंद करता येतं का?" हे शर्वीनं विचारलं.

"नाही."

शर्वी आईकडे वळली. "आई, नको. हेही औषध नवीनच आहे. परत प्रयोगच झाला की."

"या खेपेला विचारतायत तरी. सोळा पानं आहेत बघ."

"मला भीती वाटते."

"कशाची?" आक्कांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. पाहुण्याच्या घरी न चाखलेल्या भाजीचं नाव विचारावं, तितकं साधं कुतूहल होतं. शर्वीला ते ओळखीचं होतं. सोळाव्या वर्षी स्कूटरवरून पडून ती अतिदक्षता विभागात होती, तेव्हा उशाशी आई शब्दकोडं सोडवत बसलेली होती. नर्सबाईंनी काय कौतुक केलं होतं. अशी आई पाहिजे, म्हणाल्या.

डॉक्टरांनी सोळाही पानं वाचून दाखवली, काही लपवलं नाही. शेवटच्या पानावर प्रश्न होता: आपल्याला भीती वाटते का?

"नाही," आक्का म्हणाल्या.

डॉक्टरांचं पेन रकान्यावर क्षणभर थांबलं. मग त्यांनी खूण केली. आक्कांनी खाली ठसठशीत सही केली.

सुई टोचल्यावर पहिली अकरा मिनिटं काही झालं नाही. कपाळावर पट्टा, दंडावर कापूस. यंत्र आत आणून वाघचौरे घड्याळ बघत होते. आक्का म्हणाल्या, "शेंगा संपवतील या सगळ्या."

बाराव्या मिनिटाला त्यांनी शर्वीचं मनगट धरलं.

आधी आला तो त्या यंत्राचा आवाज, शर्वीच्या उशाशी श्वास मोजणाऱ्या. ती मेली असती. अकरा वर्षांपूर्वी ही मुलगी मेली असती आणि मी आडवे शब्द, उभे शब्द भरत होते. आक्कांचं बोट मुलीच्या नाडीवर घट्ट रुतलं. मग एकेक करून आली ती न्हाऊ घातलेली माणसं. भाजलेली नेजकरांची सून. विहिरीतून काढलेला पाटलांचा थोरला, त्याच्या मुठीतलं शेवाळ आक्कांनीच सोडवलं होतं. आणि सगळ्यांच्या मागून, फार हळू, बोटांच्या टोकांना गार लागलं. दोन इवले कान.

आक्कांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानं वाघचौरे खुर्चीतून उठले.

सत्त्याण्णव.

"पुरे, नोंद झाली," ते घाईनं म्हणाले. "बंद करा आता."

पण बंद काय करणार? पट्टा काढला, एवढंच. छापयंत्रातून दाखला आला: मृत्यूचं कारण, बेकायदेशीर वैद्यकीय प्रयोग. वाघचौऱ्यांनी तो दोन्ही हातांनी समोर ठेवला. आक्कांना अक्षरं दिसत नव्हती. त्यांनी शर्वीला कवटाळलं होतं, आणि जन्मभर ज्याची वाट पाहिली ते अंगावर आल्यावर शर्वी ताठ उभी होती. परक्याच्या आईला थोपटावं तसं तिनं आईच्या पाठीवर थोपटलं. दुसरं तिला येत नव्हतं.

बऱ्याच वेळानं आक्का डॉक्टरांकडे वळल्या. शब्द तुटत होते.

"मी सही केली तेव्हा... मला कळलंच नव्हतं."

"मी सगळं वाचून दाखवलं होतं, आक्का."

"ऐकलं होतं मी. कळायला जे लागतं तेच बंद होतं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "त्या चाळीसजणींचंही बंद आहे."

हे डॉक्टरांना ठाऊक असावं. निदान ते पेन थांबलं तेव्हापासून तरी.

"घेऊ नका म्हणून सांगा त्यांना."

"मग त्यांचं शून्यच राहील. त्यातल्या अकराजणींची बाळं गेलीत. दाखले तसेच राहतील."

"पण ज्याला घाबरताच येत नाही, त्याचं 'हो' खरं कसं धरायचं?"

"कायद्यानं त्या सज्ञान आहेत," डॉक्टर अगदी हळू म्हणाल्या. "आणि शुद्धीत आहेत."

आक्का शर्वीचा हात न सोडता व्हरांड्यात आल्या. चाळीस शांत चेहरे वर झाले. आक्कांनी सांगायला सुरुवात केली. काही राखून ठेवलं नाही. कान सांगितले, शेवाळ सांगितलं, मुलीच्या नाडीवरून बोट उचलवत नाही हे सांगितलं. मधे दोनदा बसल्या, परत उठल्या. ऐकून शर्वी भिंतीकडे तोंड करून रडत होती. वाघचौरे दारात उभे होते, तेही डोळे पुसत होते.

बायका मन लावून ऐकत होत्या.

शेवटी पद्मजा कुरणे उठली. तिचंही बाळ त्याच आठवड्यात गेलं होतं. तिनं आक्कांना बाकावर टेकवलं, पाण्याची बाटली उघडून हातात दिली, पदरानं त्यांचा चेहरा पुसला. नेमकं, हलक्या हातानं, मयताच्या घरी पुसतात तसं.

"इतकं वाईट आहे, आक्का?"

"इतकं."

"बरं," पद्मजा म्हणाली. तिनं मांडीवरची टरफलं झटकली, बाही वर केली आणि डॉक्टरांना विचारलं, "डाव्या हातात देता की उजव्या?"

तिच्यामागे बाकीच्या ओळीनं उभ्या राहत होत्या.