आत काम चालू आहे

प्रयोगशाळा मंजूर झाली तर विजयश्री मॅडमच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी सांगतो. कुरुळीच्या आमच्या शाळेला अकरावी-बारावी सायन्सची मान्यता मिळाली, की वर्षानुवर्षं कंत्राटावर शिकवणाऱ्या मॅडम कायम होणार. नाही मिळाली, तर जूनमध्ये घरी. संस्थाचालक सोपानरावांना कॉलेज मिळणार होतं. मी गणिताचा मास्तर, मला फक्त दोन जास्तीचे तास. तोटा म्हणावा असा फायदा, त्यामुळे मला सगळ्यांकडे निवांत बघता आलं.

मान्यतेसाठी फ्यूम हूड लागतं. म्हणजे काचेची मोठी पेटी. घातक वायू सुटणारे प्रयोग तिच्यात करायचे, वरचा पंखा धूर छपराबाहेर टाकतो. सोपानरावांनी चाकणच्या एका बंद पडलेल्या कंपनीतून जुनंच उचलून आणलं.

"नवं कशाला, मॅडम? काच हाय, पंखा हाय. धूर काय नवं-जुनं बघतो व्हय?"

पेटीच्या स्विचला लाल कुलूप होतं आणि त्याला पाटी लटकत होती : 'आत काम चालू आहे. सुरू करू नये.' खाली एका कामगाराचा फोटो, चेहरा पार उडालेला.

आमच्या पोरांना असलं कुलूप समजावून सांगावं लागत नाही. निम्म्यांचे वडील कंपनीत. मशीनमध्ये हात घालण्याआधी कामगार स्विचला स्वतःचं कुलूप लावतो. ज्यानं लावलं, त्यानंच काढायचं.

"मॅडम, आधी त्यांना फोन लावायचा असतो," दहावीतली उत्कर्षा म्हणाली. "पप्पा म्हणतात, माणूस बाहेर आलाय हे बघितल्याशिवाय मॅनेजरनंसुद्धा तोडायचं नाही."

"बंद कंपनीत फोन कोण उचलणार गं? तुझे पप्पा?"

वर्ग हसला. मॅडमनी करवतीच्या पात्यानं कुलूप स्वतः कापलं.

पंखा नीट खेचतो का, हे बघायला पेटीच्या तोंडाशी टिश्यू पेपरची पट्टी चिकटवतात. पट्टी आत झुकली की ठीक. आमची पट्टी आत झुकली. मग बाहेर आली. मग परत आत. सावकाश. मी पंखा बंद केला. पट्टीचं आपलं चालूच.

आधी मी वाऱ्यावर संशय घेतला आणि छपरावरच्या पाइपला प्लास्टिक बांधलं. मग पोरांवर. मग सोपानरावांवर.

"राव, ती कंपनी बंद कशानं पडली?"

"मास्तर, तुमी तुमचं गणित बघा की!" ते हसले खरे, पण त्यानंतर प्रयोगशाळेचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. चहासुद्धा दारातून आत द्यायचे.

सकाळी काचेवर वाफ धरलेली असायची, आतल्या बाजूनं, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. मॅडम फडक्यानं पुसायच्या.

"दमट हवा आहे, सर."

"डिसेंबरात?"

त्या भिंतीवर नियमांचा तक्ता चिकटवत राहिल्या. चष्मा घाला. केस बांधा. आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही. डोकं हूडच्या आत कधीही घालू नका.

तपासणीला शिक्षण खात्याच्या जयमालाबाई आल्या. कडक बाई. वाळूच्या बादलीत बोट घालून वाळू कोरडी आहे का, तेसुद्धा त्यांनी बघितलं. मग हूडसमोर उभ्या राहिल्या. मॅडमनी पंखा लावून तांब्याच्या तुकड्यांवर नायट्रिक आम्ल सोडलं. शेजारी चष्मा लावून उत्कर्षा.

तपकिरी धूर वर चढला. मध्येच थांबला. आणि बाहेर आला.

"मुलीला मागे घ्या!" जयमालाबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "हे असलं मी मंजूर करू?"

मॅडमनी उत्कर्षाला मागे ढकललं. धूर आत गेला. पुन्हा बाहेर आला. पुन्हा आत.

मॅडम टोपण लावलेल्या पेनाकडे बघत होत्या.

मग त्यांनी वाकून डोकं पेटीत घातलं.

मी शेजारीच होतो, म्हणून ऐकू आलं. शिफ्ट बदलताना बोलावं तसं त्या हळूच म्हणाल्या, "कुलूप मी तोडलं. तुम्ही या बाहेर. मी थांबते."

पट्टी आत ताणली गेली आणि तशीच राहिली. धूर सरळ वर निघाला.

मॅडमनी डोकं बाहेर काढून काच खाली ओढली. खोकल्यासुद्धा नाहीत. जयमालाबाई त्यांना यथेच्छ बोलल्या, आणि सही केली.

मान्यतेचं पत्र आलं. सोपानरावांना कॉलेज मिळालं, मॅडमना कायम नेमणूक, जयमालाबाईंना शाल-श्रीफळ, मला दोन तास. काच आता सकाळी कोरडी असते. मिळवणारे सगळे मोजून झाले. भरणारं कोण, तेवढं राहिलं.

जानेवारीत कुरुळीत थंडी झोंबते. प्रतिज्ञेच्या वेळी सगळ्या मैदानाच्या तोंडातून वाफा निघतात, सोपानराव तर लांबून उकळत्या किटलीसारखे दिसतात. मॅडम माझ्या शेजारी उभ्या असतात. सगळ्यांत खणखणीत आवाज त्यांचाच. त्यांच्या तोंडासमोरची हवा मात्र स्वच्छ असते.